मुठीतला स्क्रू

कोरेगावच्या आमच्या शाळेत मुलांना रोबोट शिकवायला एक ताई दर शनिवारी सांगलीहून एसटीने यायची. स्वतः इंजिनिअरिंगला होती आणि स्पर्धेसाठी आमच्या मुलांकडून रोबोट करून घ्यायची. मी विज्ञानाची बाई, नुसती बघत बसायची. सरावाआधी ती मुलांना व्हरांड्यात पाठवी, रोबोटचा एक स्क्रू काढून मुठीत धरी आणि त्यांना आत बोलावून म्हणे, "शोधा रं." चूक सापडेपर्यंत मूठ उघडत नसे. तिची पापणीही हलत नसे. मला ते बघवायचं नाही, पण मुलं तयार होत होती.

सांगलीला स्पर्धेच्या दिवशी, पहिल्या फेरीआधीच रोबोट जागच्या जागी गोल फिरू लागला. सगळ्या मुलांनी तिच्याकडे पाहिलं.

"आज मी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "आईशप्पथ."

एका मुलीने वाकून पाहिलं. "ताई, डाव्या चाकाचा स्क्रू न्हाई."

"मूठ उघड बघू," मी म्हटलं.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. बोटं तिला दुसऱ्या हाताने एकेक करून सोडवावी लागली. स्क्रू तळव्यात रुतला होता.

मुलांनी तो पटकन बसवला. तिने गळ्यातली ओढणी काढून माझ्यापुढे धरली.

"मॅडम, फेरी संपेपर्यंत माझं हात बांधून ठेवा."