वासावर चालणारी होडी

अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाईकाला मामा होडीच्या अगदी मागच्या फळीवर बसवायचे. होडीत विडी ओढू द्यायचे नाहीत. वल्ही हातात घेण्याआधी काही खायचे नाहीत. भरल्या पोटी नाक आळशी होतं, म्हणायचे. वारा पडला की लख्ख उन्हातही “आज नदीचं मन नाही” म्हणून होडी बांधून ठेवायचे. आणि ऐन पात्रात मध्येच वल्ही थांबवून मान वर करायचे. हुंगायचे.

या शेवटच्या सवयीचं पाहुणीला कोडं पडलं. साहित्याची पदवी नुकतीच हाती आलेली, नोकरीचा पत्ता नाही. दोन दिवस नदीवर हिंडावं, चांगलंचुंगलं खावं, एवढ्याच बेतानं ती या शहरात आली होती. चांगलं कुठं मिळेल, असं तिनं ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: होडीवाल्या मामांना विचार.

पहिल्याच फेरीत मामा नदीच्या मधोमध म्हणाले, “बेकरीवाल्यानं पहिली भट्टी करपवलीय. दुसरीची वाट बघ.”

उतरल्यावर ती मुद्दाम बेकरीत गेली. बेकरीवाला काळे पाव टोपलीत फेकत होता. दोन दिवसांचा मुक्काम लांबला, तो लांबतच गेला.

“असा खवय्या मी पाहिला नाही,” ती मामांच्या भाचीला म्हणाली. भाची काठावरच्या मोठ्या झाडाखाली मासे तळायची.

“कसला खवय्या? ताटात काय वाढलंय ते विचारून जेवतो. वर मलाच म्हणतो, मीठ कमी.”

त्या झाडाच्या अलीकडे डाव्या अंगाला खडक होते. झाड आलं की मगच होडी डावीकडे घ्यायची. एका रविवारी झाडावरून पिठात मुंग्या पडायला लागल्या, म्हणून भाचीनं चूल उचलली आणि अलीकडच्या पायऱ्यांपाशी मांडली. मामांना सांगावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. होडीत त्या दिवशी एक कुटुंब होतं, पाहुणीही होती. तळणीचा वास आला तशी मामांनी होडी वळवली. रोजच्यासारखी, निवांत. होडी सरळ खडकावर चढली. फळी फुटली. पाणी गुडघाभर होतं म्हणून निभावलं. सगळे भिजून काठाला लागले.

“डोळे फुटलेत का?” त्या कुटुंबातले आजोबा ओरडले.

“फुटले नाहीत,” मामा म्हणाले. “मिटत आलेत.”

भाचीच्या हातातला झारा तसाच राहिला. पाहुणीला अत्तर आठवलं, विडी आठवली, पडलेला वारा आठवला.

“होडी बंद,” भाची म्हणाली.

“मग मी काय करू? तुझे मासे राखत बसू?”

“लोकांची पोरं असतात होडीत, मामा.”

नंतर काही दिवस मामा फुटक्या होडीला टेकून नुसते बसून असायचे. मग एके सकाळी पाहुणीला म्हणाले, “एवढी पुस्तकं वाचलीस. समोर काय दिसतंय ते सांगता येईल?”

शेजारच्याची होडी मागून घेतली. गिऱ्हाईक नाही, दोघंच. ती पुढच्या टोकाला बसली.

“पाणी सोनेरी झालंय,” ती म्हणाली.

“सोनं राहू दे. खडक कुठंय?”

“डावीकडे. दोन वल्ह्यांवर.”

“हां. आता सांगतेयस.”

भाची काठावरून कमरेवर हात ठेवून रोज बघत होती. शेवटी तिनंच तोंड उघडलं. “आधी फुटकी फळी बदल. डांबराचे दोन हात दे. आणि ही पुढं बसणार असेल तरच होडी पाण्यात.”

“आणि तुझी चूल?”

“झाडाखालीच. मुंग्या खाईन, पण हलवणार नाही.”

मामांनी नवी फळी चाचपत बसवली. डांबराचा पहिला हात दिला. तो वाळेपर्यंत घरी जेवायला गेले. ताटात काय आहे ते विचारलं. मीठ कमी आहे म्हणाले. जरा पडतो म्हणाले. उठलेच नाहीत.

चूल झाडाखाली आहे. होडी काठावर पालथी आहे. पाहुणी रोज त्या फळीवर बोट दाबून बघते. डांबर केव्हाच वाळलंय. दुसरा हात द्यायचा राहिलाय.