दुसऱ्याची सही

ओझरच्या विमान कारखान्यात सहादूने आवळलेला प्रत्येक नट दुसरा माणूस तपासायचा, मगच सही व्हायची. या शिस्तीचा सहादूला कोण अभिमान! ब्याऐंशी साली त्याने जुनी फियाट घेतली आणि ती ऐटीत खाली बसलेली दिसावी म्हणून बुटक्या स्प्रिंगा आणल्या. अंगणातच गाडी जॅकवर चढवली, जुनी स्प्रिंग दाबून तारेने बांधली.

पाने हातात देत शेजारी बसलेली बायको, लताबाई, म्हणाली, “तार एकदा कारभारीभाऊंना दाखवा ना. तेही तुमच्याच खात्यातले.”

“घरच्या कामाला कसली आलीय सही?” सहादू खेकसला. त्याने स्प्रिंग ओढली आणि तार तुटली.

आता साधा बल्ब बसवला तरी तो हाक मारतो, “बघ गं, नीट बसलाय का?”

लताबाई उरलेल्या डोळ्याने बघते.