लाइन क्लियर

लेकीचा फुटबॉलचा सराव संपेपर्यंत मी मैदानाच्या पायरीवर बसून मेथी निवडायचे. रिकामं बसणं मला जमत नाही. शेजारी रोज एक आजोबा यायचे. मनमाडला रेल्वेत नोकरी झाली, आता नाशिकला मुलाकडे राहत. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर शेंगांची पुडी असायची आणि उठताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागायचा.

बोलणं एकाच माणसाचं, त्यांच्या तरुणपणीच्या रेल्वे संघातल्या खेळाडूचं. त्याने पास दिला की समोरचा बचाव फाटायचा आणि अख्खं मनमाड ओरडायचं, "लाइन क्लियर!"

"आणि आमची?" मी विचारायचे.

"पोरगी चांगली हे, ताई. पण तो मान वर न करता पास द्यायचा. ही अजून सिग्नल बघत बसते."

हे कळल्यावर लेक इरेला पेटली. सराव संपला की पहिला प्रश्न, "आज म्हणाले, लाइन क्लियर?"

"नाही."

मग एका सामन्यात तिने उजवीकडे बघत डावीकडे पास दिला. चेंडू बचावातल्या दोघींच्या मधून सुटला, पुढच्या पोरीच्या पायात आणि थेट गोल. आजोबा ताडकन उठले. शेंगा माझ्या मेथीत सांडल्या.

"लाइन क्लियर!"

लेक गोल सोडून आमच्याकडे बघत नाचत होती.

"म्हणजे त्याच्याइतकी झाली ना?" मी विचारलं.

"छे! तो तोच," मेथीतून शेंगा वेचत ते म्हणाले. "पण त्याच्यासाठी मी तरुण गुडघ्यांनी उठायचो, ताई. हिने हे गुडघे उठवले."