कमलआक्कांचं कच्चं भांडं

कमलआक्कांचं शेवटचं भांडं आमच्याच माणसांनी बादलीत बुडवलं.

आक्कांना जाऊन आज महिना झाला. राग ओसरू दे, मग लिहू, असं म्हणत होते.

राग ओसरला. किळस राहिली.

अनगोळमधल्या एका हॉलमध्ये दर रविवारी आमचं मातीकामाचं वर्कशॉप असतं. चाक नाही. मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक ठेवायच्या, बोटांनी सांधायच्या. शोभेची भांडी.

आक्का वडगावहून यायच्या. सगळा जन्म मागावर साड्या विणल्या. गुडघे गेले, विणणं सुटलं, मग मातीत हात घातला.

पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "अगं, किती चोळतीस त्या मातीला? न्हाऊ घालाय लागलीस काय?"

त्यांचं स्वतःचं भांडं एका बाजूला कललेलं. मी दाखवलं, तर म्हणाल्या, "मी तरी कुठं सरळ चालतो गं?"

शेवटचं भांडं लेकीसाठी होतं. सविताच्या निपाणीतल्या नव्या घराच्या दारात ठेवायला. गळ्याभोवती मोगऱ्याची वेल, एकेक पान चिमटीनं केलेलं.

ते वाळत असतानाच आक्का गेल्या. झोपेत.

ग्रुपवर फुलं, हात जोडलेले इमोजी. "आमची आई गेली" असे स्टेटस.

बाराव्यानंतरच्या रविवारी भट्टी लावायची होती. मी उशिरा पोचले. फळीवर आक्कांची जागा रिकामी.

"आक्कांचं भांडं कुठाय?"

"भिजवलं," आमच्या संयोजक बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या हातचं मडकं गं ते. त्याच भट्टीत आपली भांडी जाणार. सगळ्यांच्या घरात लेकरंबाळं हायत."

"आणि मडकं शेवटी फोडायचंच असतंय की," एक काका म्हणाले.

लोक हसले.

खरंच हसले.

मला स्मशानात खांद्यावर घेऊन फिरतात ते मडकं दिसलं.

न्यायानं लिहायचं तर, कुणी न नेलेली कच्ची भांडी आम्ही नेहमीच भिजवतो आणि माती परत वापरतो. पण हे भांडं बेवारशी नव्हतं. भाजून झालं की सविता न्यायला येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ती आली. दुपारच्या बसनं.

"वाळताना तडा गेला बघ गं," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

मी वेळेवर गेले असते तर अडवलं असतं का? प्रामाणिकपणे, माहीत नाही. आता हे लिहितेय ते आक्कांसाठी की स्वतःला वेगळं दाखवायला, तेही नक्की सांगता येत नाही.

पण ते खोटं मला गिळवेना.

"तडा नाही गेला, सविता. पाण्यात टाकलं. मेलेल्या माणसाचं भट्टीत नको म्हणून."

ती बादलीपाशी गेली. बाह्याही न सारता हात घातला. नुसता गाळ. तरी चाचपत राहिली, एखादं पान हाताला लागतंय का बघत.

मग बाईंकडं वळली.

"काकू, अंगावरची साडी आईच्या मागावरची न्हवं? ती कवा बुडवणार?"

बाईंनी पदर सावरला. काका मोबाईल बघायला लागले.

सवितानं बादली उचलली. जड होती. कडी दुसऱ्या बाजूनं मी धरली. गेटपर्यंत कुणी आलं नाही.

रिक्षात बादली ठेवताना मी म्हटलं, "यात बाकीच्यांची पण माती असेल गं."

"ऱ्हाऊ दे, ताई. आईला गर्दी आवडायची."

आक्का, त्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. "भावपूर्ण" हा शब्द तिथं इतक्यांनी वापरलाय की आज मला तो लिहवत नाही.

तुम्ही नीट जा.