काका स्वतःच उतरले

हे लिहायला बसण्याआधी मी डिशवॉशर रिकामा केला, फ्रीजमधले जुने डबे काढले, मुलाचे बर्फातले बूट गराजमध्ये नेऊन ठेवले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. एरवी मला काम पुरतं — आज पुरलं नाही, म्हणून बसले. जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आईला सांगेन म्हणत होते, ती गेली. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

ओळखत असतात तर म्हणाला असतात, मंजू ना? ती सगळं नीट करते. इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात मराठी मंडळाचं काहीही असू दे — कोण किती डबे आणणार, कुणाच्या गाडीत खुर्च्या, कुणाला एअरपोर्टवरून घ्यायचं — यादी माझ्याकडे असते. कुणी आजारी पडलं की पहिला फोन मला येतो. मला रिकामे हात ठेवता येत नाहीत. लोक याला गुण म्हणतात. मीही म्हणत होते.

भालूकाका आणि शैलाकाकू हे आमचे इथले पहिले आपले लोक. आम्ही आलो तेव्हा घरात गादीसुद्धा नव्हती. काकांनी त्यांच्या जुन्या व्हॅनच्या टपावर दोराने बांधून गादी आणली, आणि दारात उभं राहून म्हणाले, "चला, मालक कोण आहे इथे? सही हवी." काका मोटारींच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. काकू दिवसभर त्यांच्यावर ओरडणार, ते दिवसभर हसणार. माझ्या मुलाला सायकल त्यांनी शिकवली.

गाडी मात्र मला त्यांनी शिकवली नाही. "बायकोला आणि शेजारणीला शिकवायचं नाही, दोघीही ऐकत नाहीत," म्हणाले. मी क्लास लावला. तिथे रॉन नावाचा एक मोठ्या आवाजाचा माणूस होता. तरुणपणी तो अ‍ॅम्ब्युलन्सवर होता — म्हणजे ज्या काळात गावात वेगळी अ‍ॅम्ब्युलन्सच नसायची, त्या काळात. अंत्यविधी करणाऱ्या दुकानाचीच लांब गाडी असायची. सकाळी तीत मयत, दुपारी जखमी. तो हे हसत सांगायचा, आणि आम्हाला हसावं की नाही ते कळायचं नाही.

शेवटच्या वर्गाला त्याने एक जुनी फिल्म दाखवली. शाळेतल्या मुलांना घाबरवण्यासाठी पूर्वी काढायचे तशातली. खरे अपघात, खरी माणसं. रंग उडालेले, रक्त तपकिरी दिसत होतं. एका गाडीने पेट घेतला आणि आतला हात काचेवर होता. माझ्या शेजारी पुण्याचा एक मुलगा बसला होता, तो कुजबुजला, "यार, हे लायसन्स देणार आहेत की मोक्ष?" मी हसले.

पुढच्या एका दृश्यावर रॉनने फिल्म थांबवली. पांढऱ्या कोटातले दोघे जण एका ड्रायव्हरला काखेत हात घालून बाहेर ओढत होते. मान मागे लोंबत होती. रॉन पडद्याजवळ गेला, त्या मानेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे बघा. हा माणूस अपघातातून वाचला होता. इथे आम्ही त्याला मोडला. तेव्हा आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं — उचला आणि पळा, एवढंच. तुम्हाला मी शिकवतोय. आग नसेल तर हात लावू नका. शेजारी बसा, बोलत राहा, वाट बघा.

मी ते लिहून घेतलं नाही. गरज नव्हती, मला पाठ झालं. हे मुद्दाम सांगते आहे — मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये म्हणून.

आता ती सकाळ.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. काकू आधीच हॉलवर गेल्या होत्या. काका तिळगुळाचे डबे घेऊन त्यांच्या गाडीतून निघाले, मागून मी माझ्या गाडीतून. थंडी चरचरीत होती आणि रस्त्यावर तो काळा बर्फ, जो दिसत नाही. मी काकांना निघताना म्हणाले होते, "काका, जरा लवकर हं, सजावटवाले थांबलेत." वळणावर त्यांची गाडी घसरली. फार वेगात नव्हती. सावकाश फिरली, आणि नाक खांबावर आदळलं.

मी मागे थांबले. त्यांच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. नंतर लावला. काकांचा पाय ब्रेकवर होता. गाडी थांबलेली होती आणि ते अजून ब्रेक दाबत होते — दाबून सोडत होते, पुन्हा दाबत होते. त्यांचा पाय हलत होता. हे मी एकटीने पाहिलं आहे.

मी धावत गेले. आत पांढरं काहीतरी भरलं होतं. मला वाटलं धूर. एअरबॅग फुटली की तशी पावडर उडते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. इथे थांबले तर गोष्ट बरी वाटते, नाही? बाई घाबरली, धूर समजली, जीव वाचवायला गेली. पण मी दार उघडलं, आणि ते पांढरं थंड हवेत निघून गेलं. जळल्याचा वास नव्हता. आग नाही हे मला कळलं होतं. मी तुम्हाला दुसरं काही सांगू शकते, पण मग लिहायला कशाला बसायचं?

काकांचे डोळे उघडे होते. कपाळावरून रक्त येत होतं, थोडंच. ते म्हणाले, "थांब मंजू. मान — थांब जरा."

आणि मी म्हणाले, "काही नाही काका, चला, उतरा बघू."

त्याच आवाजात, ज्या आवाजात मी मुलाला बाथरूममधून बाहेर काढते. मी त्यांचा सीटबेल्ट सोडला, काखेत हात घातले आणि ओढलं. ते जड होते. एकदा हात सुटले, मी पुन्हा धरलं. का? आग नव्हती. ते थांब म्हणाले होते. मला नुसतं शेजारी बसता आलं नाही, याखेरीज मला आजवर उत्तर मिळालेलं नाही. बसून वाट बघणं म्हणजे काही न करणं, आणि काही न करणारी बाई मी नव्हते.

मी त्यांना रस्त्याकडेच्या बर्फावर आडवं केलं, माझा कोट घातला. ते वर बघत होते. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "माझे पाय गाडीतच राहिले का गं?"

पाय तिथेच होते. माझ्यासमोर. बुटांसकट.

तेव्हा मी ९११ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळं क्रमाने विचारलं, मी क्रमाने उत्तरं दिली. मग तिने विचारलं, तो गाडीत आहे का? बाहेर आहे, मी म्हणाले. स्वतः बाहेर आला?

हो.

एवढंच आहे माझं खोटं. एक शब्द. पण तो एकदा बोलला गेला, मग अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा तोच पुढे न्यावा लागला. एक तरुण मुलगी होती, तिने काकांच्या मानेला पट्टा लावला, पायांना हात लावून पाहिला, आणि माझ्याकडे वळून विचारलं — स्वतःच उतरले? नक्की? मी म्हणाले, हो, थोडं चालले आणि मग खाली बसले. तिने पुन्हा पायांकडे पाहिलं. तिला ते पटत नव्हतं, मला दिसत होतं. तरी तिने तसंच पुढे सांगितलं. मी नीटनेटकी बाई, इंग्रजी चांगलं, हातात काकांच्या औषधांची नावंसुद्धा तयार. माझ्यावर कोण अविश्वास ठेवणार? त्या 'हो'मुळे पुढच्या उपचारांत काही बदललं का, मला माहीत नाही. विचारायची सोय मी ठेवली नाही.

तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. मंडळात सगळे एकमेकांना सांगायचे, इथे कुणाला हात लावायचा नाही, लोक कोर्टात खेचतात. मदत करणाऱ्याला वाचवणारा कायदा इथे असतो, हे मी नंतर वाचलं. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी त्या भीतीने बोलले. तसं नव्हतं. ग्रीन कार्ड माझ्या डोक्यात त्या दिवशी संध्याकाळी आलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं — ही चूक माझ्या नावावर नको.

काकांचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. अपघातापासून हॉस्पिटलपर्यंतचं त्यांना काहीही आठवत नाही. आणि तिथे डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला समजावलं, तिने आम्हाला सांगितलं: ज्या अर्थी ते चालले, त्या अर्थी तोवर मणक्याच्या आतली नस शाबूत होती. हाड मोडलं होतं. बसून राहिले असते तर कदाचित — . काकू तिथेच कॉरिडॉरमध्ये मटकन बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

तेव्हापासून काकू त्यांना एकच विचारत आल्या. आधी रडून, मग चिडून, आता सवयीने. ओट्यावरचं काही उचलताना, व्हीलचेअर दारातून वळवताना, कंबर धरून उभ्या राहताना. "कुणी सांगितलं होतं उतरायला? जरा गप बसवलं नाही तुम्हाला जन्मात!" आणि काका म्हणतात, "चुकलंच माझं." पूर्वी ते हसत म्हणायचे. आता नुसतं म्हणतात.

मी तिथे असते. बहुतेक वेळा मीच असते, कारण डबे मी लावले, व्हीलचेअरसाठी उतार मी करून घेतला, फिजिओथेरपीला न्यायच्या पाळ्या मी ठरवल्या. काकू माझा हात धरून म्हणतात, "तू होतीस म्हणून जिवंत राहिला हा माणूस." मी हात सोडवून घेत नाही.

आणि अजून आहे. मला वाटलं होतं एवढ्यावर थांबेल.

घरी आणल्यानंतर काही महिन्यांनी काकांनी मला एकटीला गाठलं. काकू दुकानात गेल्या होत्या. ते म्हणाले, "मंजू, तू बघितलंस ना. मी कसा चालत होतो?" मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "शेवटचं चाललो ते मला आठवत नाही गं. तुला आठवतं. सांग."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांचा चेहरा — जाऊ दे. मी सांगितलं, तुम्ही दार उघडलंत. दाराला धरून उभे राहिलात. काही पावलं टाकलीत, सरळ. मग म्हणालात, जरा बसतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "लंगडत नव्हतो?" मी म्हणाले, नाही.

ती पावलं मी त्यांना दिली. ती कधी पडलीच नव्हती. त्यांच्या पायांनी शेवटचं काय केलं ते मला माहीत आहे — ब्रेक दाबला. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता मंडळात गाडी शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही दर वर्षी एक सकाळ ठेवतो. कल्पना काकांची. आखणी अर्थात माझी. मी काकांची ओळख करून देते, मग ते खुर्ची पुढे घेतात आणि मुलांना सांगतात, "मला बघा. शहाणपणा केला, स्वतःच उतरलो. तुम्ही उतरू नका." मुलं फोन खाली ठेवतात. एखादी आई डोळे पुसते. मी मागे उभी राहून पुढचा वक्ता आला का ते बघते.

कधीकधी मनात येतं, आता सांगितलं तर त्यांची ती पावलंही जातील. ऐकायला हे दयेसारखं वाटतं. पण हे कारण मला अलीकडे सापडलं आहे. खोटं फार आधीचं आहे.

गेल्या रविवारी त्यांची नात आली होती. पंधरा पूर्ण झाली, तिला गाडीचं परमिट मिळायचं आहे. काका तिला सगळं सांगत होते, इंग्रजीत. ती ऐकून म्हणाली, "बट आजोबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट सिट देअर?" रागाने नाही, खरंच विचारत होती. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "विचार, विचार! मी इतकी वर्षं तेच विचारतेय." काका नातीला म्हणाले, "आजोबा वॉज स्टुपिड, बाळा." मग त्यांना वाटलं असावं, पोरीसमोर एवढंच नको. त्यांनी माझ्याकडे मान वळवली — आता ती थोडीशीच वळते — आणि म्हणाले, "पण चाललो होतो. ही साक्षीदार आहे. सांग गं मंजू, नीट चाललो होतो ना?"

मी जेवणाच्या टेबलाशी चहा गाळत होते.

"हो काका," मी म्हणाले. "अगदी ताठ."

'ताठ' हा शब्द मी आजवर वापरला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. मी कप भरले, नातीला दूध वेगळं दिलं, आणि ट्रे उचलून काकांपुढे धरला.