प्रस्थान ठेवलेली पिशवी

पावसाळ्यासाठी जंगल बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या सफारीला एखादे सुशिक्षित कुटुंब विनाविघ्न पोहोचू शकते काय, हा प्रश्न मी सोडवायला घेतला होता. उत्तर 'नाही' असे आले. ते कसे आले, हे क्रमाने सांगतो.

बत्तीस वर्षे मी अमरावतीत भूगोल शिकवला. मेळघाटातल्या नद्या मी फळ्यावर न पाहता काढत असे. पत्नीला, म्हणजे सुमनला, मात्र तिथे एकदाही नेले नव्हते. (उन्हाळ्यात उत्तरपत्रिका असत. निवृत्तीनंतर उत्तरपत्रिका थांबल्या, सबबी थांबल्या नाहीत.) यंदा मात्र गत्यंतर नव्हते. पावसाळ्यानंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि पुढे जिप्सीतले धक्के डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले होते. पावसाळ्यात आतले कच्चे रस्ते चिखलात जातात, गाड्या रुततात, म्हणून सफारी बंद. थोडक्यात, आत्ता नाहीतर कधीच नाही!

जागा मिळाली ती शेवटच्या दिवसाची, दुपारच्या फेरीची, आणि वार निघाला बुधवार. बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास अशुभ, आणि मेळघाट आमच्या उत्तरेलाच! मी या गोष्टी मानत नाही. पण न मानणे वेगळे आणि निष्काळजीपणा वेगळा. म्हणून सोमवारीच प्रस्थान ठेवण्याचे मी ठरवले. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: निघण्याचा दिवस वाईट असेल, तर आपल्या सामानातली एक पिशवी चांगल्या दिवशी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असे धरतात. निघताना पिशवी उचलायची.)

"वाघाले पंचांग समजते काय हो?" सुमन म्हणाली.

"प्रश्न वाघाचा नाही. प्रवासाचा आहे."

"मंग टाका दोन कपडे, अन् ठेवा."

कपडे! पिशवी ही प्रवाशाची प्रतिनिधी असते. मग प्रवाशाचे प्रतिनिधित्व त्याच्या ओळखपत्राइतके दुसरे कोण करणार? मी आम्हा दोघांची मूळ ओळखपत्रे, सुपारी आणि मूठभर तांदूळ पिशवीत घातले आणि उत्तरेकडच्या शेजारीण कुसुमताईंकडे ती पोहोचवली. विचारसरणीत मला आजही दोष दिसत नाही.

बुधवारी सकाळी सुमनचा भाऊ दिगंबर अकोल्याहून गाडी घेऊन आला. सामान चढवले, पाण्याचे कॅन मोजले, यादीवर खुणा केल्या. (पिशवी यादीत नव्हती, कारण यादीप्रमाणे ती सोमवारीच निघाली होती!) गाडी कोपऱ्यावर पोहोचली तेवढ्यात दिगंबरने आरशात पाहिले.

"भाऊजी, कुसुमताई मांगून पयत येऊन रायल्या!"

"निघताना मागून हाक आली तर वळून पाहू नये. चालव तू."

"हातात पिशवी हाये त्यायच्या."

"शिदोरी असेल. प्रेमळ बाई आहेत. हात हलव."

आम्ही तिघांनीही हात हलवले. कुसुमताईंनी दोन्ही हात हलवले. मला तो निरोप फारच हृद्य वाटला.

परतवाडा मागे पडला, घाट चढला, मोबाइलची रेंज गेली आणि आम्ही फाटकावर पोहोचलो. रक्षक नम्र होता.

"काकाजी, ओरिजिनल कार्डं दाखवा."

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग मला कुसुमताईंचे दोन्ही हात आठवले.

"ती... प्रस्थानात आहेत."

दुसऱ्या कुणी वेड्यात काढले असते. हा वऱ्हाडातलाच! तो हळहळून म्हणाला, "अरेरे. मंग पिशवी उचलाची रायली काय?"

"राहिली."

"असं होते कधी कधी. पण कार्डाबिगर आत सोडता येत नाई. आत काई कमी-जास्त झालं, तर कोन गेलं होतं हे समजाले पायजे ना?"

कारण बिनतोड होते. मी वर्गातही असेच समजावत असे, फक्त ऐकणारा कधी मी नव्हतो. प्रवेश बंद व्हायला पंधरा मिनिटे उरली होती. घरी जाऊन परत येणे अशक्य. मी सुमनकडे पाहिले आणि बत्तीस वर्षे एका क्षणात आठवली.

सुमनने पर्स उघडली. "हे घ्या."

तिचे कार्ड! मूळ!

"पण ते मी स्वतः पिशवीत..."

"ते रंगीत झेरॉक्स होतं. ओरिजिनल तुमच्या हाती द्याले मी काय येडी हाये?"

दिगंबरकडे त्याचे होतेच. नावे फाटकावरच्या यादीत होती. "तुम्ही दोघे जा," मी भरल्या आवाजात म्हणालो. 'तुमच्याशिवाय मी नाही जात' या उत्तराला मी जरा वेळ सोडला. तेवढ्यात ती जिप्सीत चढून बसलीसुद्धा होती, दुखऱ्या गुडघ्यांनिशी!

पुढचे साडेतीन तास मी सूचनाफलकासमोर बसून होतो. गाडीतून उतरू नये, आरडाओरडा करू नये, प्राण्यांना खाऊ घालू नये, मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे. रक्षकाने चहा दिला. मग उशिरा आलेल्या एका कुटुंबाला नियम समजेनात, तेव्हा म्हणाला, "गुर्जी, तुमीच सांगा यायले." मी सांगितले. कारणांसह. त्यातल्या बाईंनी विचारले, "सर, तुमची ड्युटी रोज इथेच असते का?"

संध्याकाळी जिप्सी परतली. सुमन भुवयांपर्यंत लाल धुळीने माखली होती आणि बोलायची थांबत नव्हती. अस्वल दिसले होते, पाठीवर दोन पिल्ले घेऊन!

"आणि वाघ?" मी शेवटी विचारले.

"वाघ नाई दिसला. न दिसो. मले आत जायचं होतं, ते झालं."

"अन् तुमी काय पायलं, भाऊजी?" दिगंबरने गाडी सुरू करता करता विचारले.

"फलक."

जंगल केव्हा उघडे, केव्हा बंद आणि फाटकावर काय दाखवावे लागते, हे सर्व मला तेव्हापासून तोंडपाठ आहे. तरीही निघण्यापूर्वी वाचकांनी ते स्वतः तपासून घ्यावे, ही विनंती. ज्याला ते तोंडपाठ आहे तो फाटकाबाहेर बसला होता, एवढे ध्यानात असू द्यावे.