इब्रो नदीची ओटी

अर्जदार : दत्तात्रय, व्यवसाय अर्जलेखन, बैठक कचेरीबाहेर, नाशिक. घटनेचे ठिकाण : लोग्रोन्यो, देश स्पेन. दिवस : जूनमधील संत बर्नाबे यांच्या उत्सवाचा. साक्षीदार : १) कन्या मनीषा, २) तिची तेथील शेजारीण पिलारबाई. कारण : सौ. कुसुम हिने सोपविलेले काम पूर्ण झाले किंवा नाही, याविषयी घरात पडलेला वाद.

निघताना कुसुमने खण, तांदूळ आणि हळदकुंकू पिशवीत घालून बजावले होते, "पोरीचं बाळंतपण त्या नदीच्या काठावर होणार. नदीची ओटी भरल्याशिवाय परत येऊ नका." मनीषा विंचूरला द्राक्षांच्या वाइनचे काम शिकली आणि त्याच कामावर तिकडे गेली. सध्या तिला सातवा महिना आहे.

लोग्रोन्यो हे द्राक्षमळ्यांनी वेढलेले मध्यम आकाराचे शहर आहे. इब्रो नदी रुंद, हिरवट, फारसा आवाज न करणारी. दगडी पुलावरून पाठीवर पिशव्या घेतलेले पेरेग्रीनो (पायी यात्रेकरू) शेकडो वर्षांपासून शहरात शिरत आले आहेत, त्यामुळे परक्या माणसाकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. दुपारी खिडक्या बंद करून अख्खे गाव झोपते. संध्याकाळी एका अरुंद गल्लीत उभ्यानेच खाणे चालते. लसूण घालून परतलेल्या अळिंबीचा तुकडा पावावर ठेवून देतात. मी तीन खाल्ले.

नारळ तेथील बाजारात मिळाला. पुलावर मी पिशवी उघडताच नगर-रक्षकाने नम्रपणे अडविले. नदीत काहीही टाकण्यास मनाई आहे, असे मनीषाने भाषांतर करून सांगितले. आपल्या गोदाकाठीही निर्माल्यासाठी कलश ठेवलेले आहेत, म्हणून नियमाचा मी मान राखला. काम मात्र सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्सव होता. जुन्या तटाच्या दरवाजाशी लोक रांगेत उभे होते आणि प्रत्येकाला तळलेला मासा, पाव व वाइन मिळत होती. रांगेत पिलारबाईंनी इतिहास सांगितला. पाचशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौजेने शहराला वेढा घातला. धान्य संपत आले, तेव्हा लोक रात्री लपून नदीतले मासे धरीत आणि त्यावर तगून राहिले. म्हणून आजही हा घास वाटतात. बाईंचे घर काठावरच होते. त्यांच्या आईने आयुष्यभर नदीवर कपडे धुतले. त्या म्हणाल्या, "मी चालायच्या आधी पोहायला शिकले. मी इब्रोचीच मुलगी."

ते ऐकताच माझा निर्णय झाला. आईपर्यंत पोचता येत नसेल, तर तिच्या मुलीच्या हाती देणे कायद्यात बसते. मनीषाने हळदकुंकू लावले, बाईंनी न विचारता पदरासारखा ॲप्रन पसरला आणि ओटी भरली गेली. मागची माणसे टाळ्या वाजवू लागली.

परतताना बाई म्हणाल्या, या नारळाचे काहीतरी गोड करून नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवीन. मनीषा हे सांगताना अडखळली. बाई विधवा होत्या. मी रस्त्यातच थांबलो. परंतु दिलेली ओटी परत घेण्याची तरतूद कोठेही नाही, आणि ती असती तरी मी अंमलात आणली नसती.

नाशिकला पोचताच कुसुमने पिशवी झटकून विचारले, आणि मी घडले ते सांगितले. ती म्हणाली, "विधवेची ओटी? पोरीला सातवा महिना आहे, अहो. काही झालं म्हणजे?"

स्वयंपाकघरातून माझी मोठी बहीण आक्का बाहेर आली. मेहुणे गेल्यापासून ती आमच्याकडे असते आणि नवरात्रात गल्लीतल्या बायका ओट्या भरायला आल्या की तिथेच भाजी निवडीत बसते. ती म्हणाली, "दत्तू, नदीला तरी कुठं नवरा हाय रे? तिची भरतातच ना?"

कुसुमचे उत्तर अद्याप आलेले नाही.

सबब, सौ. कुसुम व गल्लीतील समस्त भगिनींस विनंती की, सदर ओटी इब्रो नदीस पोचली असे मान्य करावे. तसेच येत्या नवरात्रात आमच्या घरची पहिली ओटी आक्काची भरावी. त्यासाठी नारळ आणून देवघरात ठेवला आहे. उत्तर मिळेपर्यंत तो कोणी फोडू नये.